जाऊन राहिलो होतो

दिल्लीहून आलेल्या माणसाला लोक लाल किल्ला कसा वाटला म्हणून विचारतात. मी तीन दिवस दिल्लीत होते आणि लाल किल्ला रिक्षातूनसुद्धा पाहिला नाही. मी एका लोखंडी फाटकाबाहेरचा फूटपाथ पाहिला, एक जिना पाहिला, आणि चोवीस वर्षं मराठी शिकवून आपल्याला मराठी किती येतं तेही पाहिलं. त्या जागी सहलीला कोणी जात नाही. ज्यांना जावं लागतं ते परत आल्यावर लिहायला बसत नाहीत, म्हणून मी लिहिते आहे. राग अजून उतरलेला नाही. तो उतरेपर्यंत थांबले असते तर लिहून झालंच नसतं.

नागपूर, निघण्याआधी

श्रावणजी हे काटोलकडचे संत्र्यांचे बागाईतदार. त्यांची मुलगी आमच्या शाळेत होती आणि दोन वर्षं माझ्याच घरी राहून मॅट्रिक झाली. तेव्हापासून त्यांच्या घरचं लिखापढीचं काम निघालं की श्रावणजी काटोलच्या बसमधून उतरून थेट माझ्या दारात येतात. त्यांच्या रोपवाटिकेत अमानुल्ला नावाचा एक अफगाण तरुण पाच वर्षांपासून होता. जलालाबादच्या बाजूचा. तिकडे त्याच्या वडिलांची नारिंगांची बाग होती. नागपुरी संत्र्याचं कलम बांधायला शिकून ये, म्हणून त्यांनी धाकट्याला इकडे धाडलेलं. जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, भरण्याचं काम तो वर्षभरात असं शिकला की श्रावणजी सांगत फिरत, "डोळा भरावा तं आमच्या अमाननं." मराठीही तो तिथेच शिकला, कलमं बांधणाऱ्या बाया-माणसांत बसून. त्यामुळे समोर उंच, गोरा, करड्या डोळ्यांचा माणूस दिसे आणि तोंड उघडलं की काटोलचा बाजार ऐकू येई.

त्याच्या देशात सत्ता उलटली त्या सुमारास वडील आजारी असल्याचा निरोप आला आणि तो घरी निघाला. अमृतसरला, म्हणजे सरहद्दीच्या अलीकडेच, त्याला गावचा माणूस भेटला. वडील आजारी नव्हते. त्यांना धरून नेलं होतं, त्यांच्या आधी थोरल्या भावाला नेलं होतं, आणि आता धाकटा कुठे आहे याची चौकशी चालली होती. अमान तिथूनच मागे फिरला. वडील आणि भाऊ पुन्हा कोणाला दिसले नाहीत. पुढे तिथे परकी फौज आली आणि परतीची गोष्टच संपली.

इकडे व्हिसाची मुदत संपली. परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या पोलिस कचेरीनं त्याचा जबाब मागितला, आणि तो मराठीत. जबाब मी लिहिला. तो सांगत गेला तसं शाळेच्या वहीत उतरवलं, मग लाल शाईनं शुद्ध केलं आणि सुवाच्य अक्षरात नक्कल काढली. 'मले'चं 'मला' केलं, 'काहून'चं 'का' केलं, 'कुठी'चं 'कुठे' केलं. अशुद्ध लिहिलं तर साहेबलोक मान देत नाहीत, असं त्याला वर शिकवलंही.

"तुमी म्हणान तसं, बाई," तो म्हणाला.

आता थोडं कायद्याचं सांगावं लागेल. जिवाच्या भीतीनं पळून आलेल्या माणसाला त्याच भीतीच्या तोंडी परत ढकलायचं नाही, असा एक करार जगातल्या पुष्कळ देशांनी मिळून केला आहे. आपल्या देशानं त्यावर सही केलेली नाही. आपल्या कायद्यात निर्वासिताला वेगळा शब्दच नाही. ताजमहाल पाहायला आलेला, चोरटा माल घेऊन आलेला आणि बापाला नेलं म्हणून पळून आलेला, तिघेही नुसते 'परदेशी'. मात्र निर्वासितांसाठीची एक आंतरराष्ट्रीय कचेरी दिल्लीत बसते. ती मुलाखत घेते, कागद तपासते, आणि पटलं तर ओळखपत्र देते. ते खिशात असलं की आपलं सरकार बहुधा माणसाला राहू देतं. त्या 'बहुधा'वर माणसं जगतात.

अमान डिसेंबरात एकटाच जाऊन मुलाखत देऊन आला. पोलिसांतला जबाबही त्यानं तिथे जोडला होता. फेब्रुवारीत उत्तर आलं, नामंजूर. अर्जदार मायदेशी परत जाऊन तिथे राहिला होता असं त्याच्याच जबाबावरून दिसतं, सबब त्याला तिथे भय आहे असं मानता येत नाही. आठवड्याच्या आत इथली नोटीसही आली. पंधरा दिवसांत देश सोडा.

पत्र वाचून माझं डोकं फिरलं. जो माणूस सरहद्दीवरून मागे फिरला तो घरी जाऊन राहिला म्हणे. कोणा शहाण्यानं हे मनानंच लिहिलं असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

अमान ओसरीवर बसून होता. "खोटं बोललो असतो तं गोष्ट वेगळी होती, बाई. मी त्याईले बरोब्बर सांगतलं. आता कुठी जाऊ मी?"

"कुठी नाई जात तू," श्रावणजी म्हणाले. "बाई, दिल्लीले चाला. तुमी बोलजा, मी बाजूनं बसतो."

मी शाळेतून रजा काढली, सगळे कागद पिशवीत भरले, आणि मास्तरकीच्या सवयीनं ती कच्ची वहीही टाकली.

दिल्ली, पहिला दिवस

प्रवासाचं काही सांगण्यासारखं नाही. श्रावणजींनी मृगबहाराच्या संत्र्यांची टोपली बरोबर घेतली होती, आणि रात्रभर डब्यातले लोक तिला गुडघे लावून बसले होते, एवढंच. आमच्या बाजूला मार्चच्या तोंडावर पंखे सुरू होतात. दिल्लीत उतरलो तर दात वाजायला लागले.

कचेरीच्या फाटकावर दरवानानं टोपली अडवली. फळं आत न्यायची नाहीत. श्रावणजींना वाटलं, दरवान ही लाच समजला, म्हणून ते त्याला समजावू लागले की हे नुसतं आपल्या घरचं आहे, चाखून पाहा. त्यानं चाखून पाहिलं, दोन खिशात ठेवली, आणि टोपली बाहेरच ठेवायला सांगितली. थोड्या वेळानं कळलं की आज आमचाही नंबर नाही. नावं सकाळी लिहून घेतात. आता उद्या.

मग आम्ही त्या फूटपाथवर बसलो. तिथे साठ-सत्तर माणसं होती. बहुतेक अफगाण, काही इराणी. बाया पोरांना मांडीवर घेऊन, म्हातारे भिंतीला टेकून. कोणी ओरडत नव्हतं की भांडत नव्हतं. आपल्याकडे रेशनच्या रांगेत याहून जास्त गोंधळ असतो. नीट इस्त्रीचा कोट घातलेले एक वृद्ध गृहस्थ माझ्या शेजारी होते. अमाननं त्यांचं बोलणं मला मराठीत सांगितलं. ते त्यांच्या गावी न्यायाधीश होते. गेले सात महिने दर सोमवारी इथे येतात, आणि दर वेळी पुढचा सोमवार मिळतो.

"इतकी वर्षं मी लोकाईले तारखा देल्या, म्हंते," अमान म्हणाला. "आता समजून राहिलं, म्हंते, तारीख म्हंजे काय असते."

एकाहत्तर सालची मला आठवण झाली. सरहद्दीपलीकडून लोंढे येत होते तेव्हा आपण प्रत्येक पाकिटावर निर्वासितांसाठी पाच पैशांचं जादा तिकीट लावत होतो. माझी शाळेतली पोरं ते न कुरकुरता लावत होती. सबंध देशाला तिकीट चिकटवायला शिकवता आलं आणि दहा वर्षं उलटली तरी कायद्याच्या पुस्तकात एक शब्द चिकटवता आला नाही. तिकीट लावलं की पुण्य मिळतं. शब्द लिहिला की तो पाळावा लागतो. म्हणूनच लिहिला नसेल.

श्रावणजींनी टोपली उघडली आणि रांगेतल्या प्रत्येकाला एकेक संत्रं दिलं. कोणीही आधी स्वतः खाल्लं नाही. सोलून पहिली फोड शेजाऱ्याला, मग आपल्या तोंडात. माझ्या हातात न्यायाधीशांची फोड आली. आपल्याकडे पाहुण्याला अख्खं ताट वाढतात, पण हातातली पहिली फोड दुसऱ्याला देताना मी कोणाला पाहिलेलं नाही. दुपारी एका बाईनं तंदुरातला लांबडा नान आणि थर्मासमधला बिनदुधाचा चहा दिला. श्रावणजींनी चहात डोकावून पाहिलं, दुधाची वाट पाहिली, आणि शेवटी औषध घेतल्यासारखा पिऊन टाकला.

दुसरा दिवस

सकाळी सातला नाव लिहिलं आणि अकराला आत गेलो. आधी भाषांतरकारांना भेटा, असं सांगण्यात आलं. पहिल्या मजल्यावर एका छोट्या खोलीत परांजपे नावाचे गृहस्थ बसले होते. मूळचे पुण्याचे, बरीच वर्षं दिल्लीत. टेबलावर पाण्याचा ग्लास, त्यावर झाकण, झाकणावर रुमाल. मराठी ऐकून त्यांना आनंद झाला आणि त्यांनी आम्हांला बसायला खुर्च्या दिल्या, तेवढ्यानंच मला त्यांचा राग धरणं अवघड झालं. तरी मी धरला.

"हा जबाब इंग्रजीत तुम्ही केलात?"

"हो."

"त्यात हा माणूस घरी जाऊन राहिल्याचं कुठे आहे?"

"स्पष्ट आहे, बाई," ते अदबीनं म्हणाले. "फार सुंदर मराठी आहे. अक्षरही सुंदर. असा कागद इथे क्वचित येतो." आणि फाइल काढू लागले. फाइल काढता काढता त्यांनी विचारलं, "अर्जदार कुठे आहेत?"

अमानला दरवानानं वहीत सही करायला खाली बोलावलं होतं. श्रावणजींनी उत्तर दिलं, "येऊन राहिला जी."

"कुठे राहिले आहेत?"

"येऊन राहिला."

"ते कळलं. पण दिल्लीत येऊन कुठे राहिले आहेत? पत्ता लिहून घेतो."

श्रावणजींनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. "पत्ता कायचा पाहिजे? जिन्यावर असन. येऊन राहिला ना."

तेवढ्यात अमान दारात उभा राहिला. परांजपे पेन हातात धरून कधी त्याच्याकडे, कधी श्रावणजींकडे पाहत होते. मी हात पुढे केला आणि फाइलमधला माझ्याच अक्षरातला जबाब घेतला. तिसऱ्या परिच्छेदात होतं, 'मी घरी परत जाऊन राहिलो होतो. अमृतसरला मला गावचा माणूस भेटला. तो म्हणाला, जाऊ नको.'

नागपूरच्या माणसाला यात काय चुकलं ते दिसणारच नाही. आमच्याकडे 'जाऊन राहिलो होतो' म्हणजे 'जात होतो'. तो घरी चालला होता, वाटेत माणूस भेटला, संपलं. पण हेच पुण्याच्या डोळ्यांनी वाचा. तो घरी परत गेला, तिथे राहिला, आणि मग केव्हातरी अमृतसरला त्याला कोणी भेटलं.

आमचं घराणं भोसल्यांच्या काळात कारकुनी करायला नागपुरात आलेलं. आम्ही शुद्ध बोलतो, हा आमच्या घरचा पिढीजात तोरा. 'मले-तुले' कोणी म्हटलं की माझी आई चहाची कपबशी वेगळी काढल्यासारखं तोंड करी. आणि तीच आई स्वयंपाकघरातून ओरडे, "अगं, मी कणीक मळून राहिले, दार उघड." आमच्या जिभेवर ते कधी चढलं ते कोणाला कळलं नाही. लाल शाईची दौत घेऊन बसलेल्या मला तरी कुठे कळलं?

मी परांजप्यांना सांगितलं. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"पण बाई, हे मला कसं कळावं? बाकी जबाबात एकही 'मले' नाही. एक जरी असता तरी मी थांबलो असतो. कोणा वऱ्हाडच्या माणसाला विचारलं असतं."

मला त्यांचा संताप आला. ते खरं बोलत होते म्हणून जास्त आला. त्या जबाबातला एकेक 'मले' मी स्वतः शोधून खुडला होता. त्या शब्दांनी त्या माणसाची राखण केली असती आणि मला ते मळ वाटले. अमानला हे सगळं कसं सांगायचं ते मला सुचेना. श्रावणजींनीच सांगितलं, दोन वाक्यांत.

अमाननं टेबलावरचा जबाब उचलून फाइलीत परत ठेवला. मग म्हणाला, "तुमी तं माह्या चांगल्यासाठीच केलं ना, बाई."

तो चिडला असता तर बरं झालं असतं.

तिसरा दिवस

निर्णय देणाऱ्या अधिकारी युरोपातल्या होत्या, माझ्याच वयाच्या. थकलेल्या दिसत होत्या. परांजप्यांनी सगळं इंग्रजीत समजावून दिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की जबाब आता बदलायचा आहे का.

मी म्हटलं, बदलायचा नाही, जसा होता तसा द्यायचा आहे. आणि मग माझं तोंड सुटलं. इंग्रजी मोडकं होतं, पण रागाला व्याकरण लागत नाही. मी विचारलं, हा माणूस डिसेंबरात याच खोलीत बसून त्याच्या मातृभाषेत सांगून गेला की मी अमृतसरहून मागे फिरलो. ते का धरलं नाही? त्या म्हणाल्या, तोंडी हकीगत माणसं नंतर बदलतात, पहिला लेखी जबाब महत्त्वाचा मानावा लागतो. मी विचारलं, पासपोर्टावर देश सोडून गेल्याचा एकही शिक्का नाही, हे कोणी पाहिलं का? त्या म्हणाल्या, चोरवाटेनं गेलेल्याच्या पासपोर्टावर शिक्का नसतोच. म्हणजे शिक्का असता तर तो गेला म्हणून खोटा, आणि नाही तर लपून गेला म्हणून खोटा. माझं इंग्रजी संपलं, मी मराठीतच म्हटलं, बाई, मग खऱ्या माणसानं काय दाखवायचं तेवढं सांगा. त्याच्या वडिलांना बोलवायचं का साक्षीला?

परांजपे हे वाक्य भाषांतर न करता सोडून देतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी शब्दन्‌शब्द सांगितलं.

मग मी पिशवीतून कच्ची वही काढली. पानभर लाल शाई. 'मले'वर काट, वर 'मला'. 'त्याईनं'वर काट, वर 'त्यांनी'. आणि मधोमध ते एक वाक्य, जवळजवळ कोरं, फक्त 'वापस'चं 'परत' केलेलं. शेजारी मी छोटी बरोबरची खूण केली होती. अधिकारीबाईंनी त्या खुणेवर बोट ठेवलं.

"ही खूण कोणी केली?"

"मी."

"का?"

"मला ते शुद्ध वाटलं."

त्यांनी ते माझ्याकडून लिहून सही करून घेतलं. मी, अमुक शाळेची मराठीची शिक्षिका, लिहून देते की अर्जदाराचे शब्द मी बदलले आणि जो बदलायला हवा होता तोच मला दिसला नाही. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. मग नवा जबाब लिहायला बसलो. अमान सांगत गेला आणि मी तसंच उतरवत गेले. 'मले गावचा मानूस भेटला. थो म्हणे, काहून जाऊन राहिला गा, तुह्या बापाले नेलं.'

अमाननं कागदात डोकावून पाहिलं. "असं लिहिलेलं चालते, बाई?"

"आता हेच चालते," मी म्हटलं.

संध्याकाळी एक चिठ्ठी मिळाली. फेरविचार चालू आहे, निर्णय होईपर्यंत याला परत पाठवू नये. फाटकाबाहेर न्यायाधीश उभे होते. वार त्यांचा नव्हता, तरी ते विचारायला आले होते, आणि त्यांना पुन्हा पुढचा सोमवारच मिळाला होता. पण त्यांच्या जबाबात कोणता शब्द अडकला आहे हे सांगायला त्यांच्याजवळ कोणी श्रावणजी नव्हते. रांगेतल्या सत्तर माणसांच्या फाइलींत असे किती शब्द असतील, हा विचार मी गाडीत बसेपर्यंत करत होते, आणि अजूनही करते.

पुन्हा नागपूर

ओळखपत्र तीन आठवड्यांनी टपालानं आलं. श्रावणजी आणि अमान ते घेऊन काटोलहून आले आणि आम्ही तिघं नोंदणीच्या कचेरीत गेलो. तिथल्या हवालदारानं कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"हे ठीक आहे, बाई. पण आमच्या रजिस्टरात याचा रकाना नाही. इथं हा परदेशीच."

त्यानं तीन महिन्यांची मुदत लिहिली. तीन महिन्यांनी पुन्हा यायचं. जन्मभर, दर तीन महिन्यांनी, साहेबाची मर्जी असेल तर. हवालदार माणूस वाईट नव्हता. अमानचा नंबर लिहिताना त्यानं संत्र्याच्या कलमाबद्दल विचारलंही. पण रकाना नाही म्हणजे नाही. एवढ्या मोठ्या देशाच्या एवढ्या जाड रजिस्टरात एक उभी रेघ मारायला कोणाला फुरसत नाही.

घरी आलो तरी माझं डोकं तापलेलं होतं. कागद आवरताना ते नामंजुरीचं पत्र हाती लागलं आणि मी ते फाडायला घेतलं.

"फाडू नका, बाई," अमान म्हणाला.

"काहून?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"त्या एकाच कागदात मी घरी जाऊन राहिलो होतो. राहू द्या मले."

मी पत्राची घडी घातली आणि त्याच्या हातात दिली.